प्लेडेटला पाठवण्याआधी ‘घरात बंदूक आहे का’ असं विचारायचं का? (व्हर्जिनिया)

कंदीपेढा (६ डिसेंबर २०२५, सकाळी)

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र होते. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

न्यू जर्सीतल्या एडिसनहून व्हर्जिनियातल्या ॲशबर्नला येऊन आम्हाला पाच महिने झाले. लेक तिसरीत आहे. बसस्टॉपवर त्याला एक जिवाभावाचा मित्र मिळालाय, आमच्यापासून चार घरं पलीकडे राहतो. आतापर्यंत तोच आमच्याकडे यायचा (आला की सफरचंदाशिवाय काही खात नाही, बहुधा आपल्या मसाल्यांना घाबरतो). आता पुढच्या शनिवारी त्याच्या आईने आमच्या चिरंजीवांना प्लेडेटला, म्हणजे खेळायला बोलावलंय. माणसं सालस आहेत. दिवाळीला फराळाचं ताट दिलं तर दुसऱ्या दिवशी घासूनपुसून, वर केक ठेवून परत आलं.

अडचण अशी की त्यांच्या पिकअपच्या मागच्या काचेवर केशरी रंगाचा गोल स्टिकर आहे: ‘गन्स सेव्ह लाइव्ह्ज’. मला वाटतं सरळ विचारावं, की घरात बंदूक आहे का आणि असेल तर कुलपात असते का. नवरा म्हणतो, हे ‘तुमच्याकडे झुरळं आहेत का’ असं विचारण्यासारखं आहे, संबंध बिघडतील.

दुसरं म्हणजे न्यू जर्सीत पिस्तूल घ्यायचं तर पोलिसांकडून परवाना, बोटांचे ठसे, ओळखीच्या माणसांचे दाखले, असं सगळं असतं. इथे नेमकं काय आहे? नुकत्याच निवडून आलेल्या स्पॅनबर्गर बाई जानेवारीत राज्याच्या गव्हर्नर झाल्या की बंदुकांवर बंदी येणार असं इथल्या ग्रुपवर चाललंय. कोणाला नीट माहिती आहे का?

खडूस_काका

विचारा. झुरळं असतील तरीही विचारा.

पॉपकॉर्नवाली

काकांना +१. आणि त्या पोराला साबुदाण्याची खिचडी करून घाला हो, तिला कोणी नाही म्हणत नाही.

रिचमंडी

तो स्टिकर मी हजारोंनी पाहिलाय, एकाच दिवशी. सांगतो.

व्हर्जिनिया सिटिझन्स डिफेन्स लीग म्हणून एक संघटना आहे, तिचा तो स्टिकर. लोकांना वाटतं बंदुकांचं राजकारण म्हणजे एनआरए (नॅशनल रायफल असोसिएशन). त्यांचं मुख्यालय तुमच्या शेजारीच फेअरफॅक्सला आहे, आय-६६ वरून काचेची इमारत दिसते. पण राज्याच्या विधिमंडळात कोणतं बिल कोणत्या कमिटीत अडलंय आणि कोणत्या सिनेटरला फोन करायचा, हे ही लीगवाली माणसं जास्त जाणतात. दर जानेवारीत मार्टिन ल्यूथर किंग दिनाला ते राज्याच्या राजधानीत, रिचमंडला ‘लॉबी डे’ करतात. सुट्टीचा दिवस, त्यामुळे नोकरदार माणूस आमदाराला भेटायला जाऊ शकतो. त्याच दिवशी बंदूकविरोधी मंडळीही यायची. एरवी दोनचारशे माणसं, दोन भाषणं, की संपलं.

२० जानेवारी २०२०ला मात्र बावीस हजार आले. मी कॅपिटॉलपासून (विधानभवनापासून) चार चौक पलीकडे राहायचो. आदल्या आठवड्यात गव्हर्नर नॉर्दमनी आणीबाणी जाहीर केली होती आणि कॅपिटॉलच्या आवारात शस्त्रबंदी केली होती. आत जायला एकच फाटक, मेटल डिटेक्टर, पहाटेपासून रांग. बहुतेक जण आत गेलेच नाहीत, बाहेर रस्त्यावर उभे राहिले, खांद्याला लांब रायफली अडकवून. तशी परवानगी आहे इथे. एक गृहस्थ एका हातात कॉफी, दुसऱ्या हातात कुत्र्याचा पट्टा आणि छातीवर एआर-१५ रायफल अशा थाटात माझ्या दारासमोरून गेले, वर मला ‘गुड मॉर्निंग’ म्हणाले. मी पायजम्यावर होतो.

गोळी एकही सुटली नाही. दिवसभरात एक अटक झाली, तीही तोंडावरचा रुमाल काढायला नकार दिला म्हणून. संध्याकाळी मी खाली उतरलो तर काही जण कचरा गोळा करत होते. आमच्याकडे विसर्जनानंतर चौपाटी कशी दिसते ते आठवून मान खाली घातली.

टेक्सासचा_तात्या

शाब्बास रिचमंडी. अशी गोष्ट बातमीत येत नाही. बावीस हजार सशस्त्र माणसं आणि एक खरचटणं नाही. ह्यावरून काय ते समजा.

मृद्गंध

तात्या, सशस्त्र माणसांच्या गर्दीत कोणी भांडण काढत नाही ह्याला शांतता म्हणतात का? माझी मैत्रीण दरवर्षी त्याच दिवशी गोळीबारात गेलेल्या मुलांच्या आयांबरोबर रिचमंडला जायची. त्या वर्षी त्यांना तिकडे फिरकता आलं नाही. ‘खरचटणं’ दिसत नाही म्हणून झालं नाही असं नसतं.

देवगडकर

आमच्याकडे आजोबांची ठासणीची बंदूक होती. कलमांच्या बागेत वानर आणि डुक्कर यायचे म्हणून शेतीसंरक्षणाचा परवाना. ती बंदूक मी आयुष्यात उडताना पाहिली नाही. मी जे पाहिलं ते असं: निवडणूक जाहीर झाली की आजोबा ती गोणपाटात गुंडाळणार, एसटीने तालुक्याला जाणार, पोलिस ठाण्यात जमा करून पावती आणणार. निकाल लागला की पुन्हा एसटी. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, विधानसभा, लोकसभा. बंदुकीचा प्रवास माझ्यापेक्षा जास्त झालाय. एकदा परत आणली तर घोडाच गायब. ठाण्यात म्हणाले, आली तेव्हाच नव्हता.

वानर मात्र निवडणुकीची वाट बघून यायचे.

पॉपकॉर्नवाली

वानरांना आचारसंहिता कळते!! हाहाहा

टेक्सासचा_तात्या

देवगडकर, हेच म्हणायचंय मला. तुमच्या आजोबांकडे बंदूक होती ती सरकारच्या मेहेरबानीने. कलेक्टरला वाटलं तर देणार, नाही वाटलं तर नाही. शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने तर माणशी तीनाच्या दोन केल्या. अमेरिकेत हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. मी ऑस्टिनच्या बाहेर पाऊण तासावर राहतो, पोलिस यायला चाळीस मिनिटं. माझ्याकडे एक शॉटगन आणि एक पिस्तूल आहे. २०२१च्या सप्टेंबरपासून इथे पिस्तूल बाळगायला परवानाही लागत नाही. खुद्द गांधीजी म्हणाले होते की ब्रिटिशांनी देश नि:शस्त्र केला हे त्यांचं सगळ्यात काळं कृत्य.

घाटावरचा_भट

तात्या, ते वाक्य अमेरिकेतल्या प्रत्येक बंदूक मेळाव्यात टी-शर्टवर मिळतं, पण पुढचं कोणी वाचत नाही. १९१८ सालची, खेडा जिल्ह्यातली गोष्ट. गांधीजी ब्रिटिश सैन्यासाठी रंगरूट भरती करत होते आणि त्या पत्रकात लोकांना सांगत होते की शस्त्रबंदी कायदा उठवायचा असेल तर ही संधी आहे, सरकारला मदत करा. लोक काही फारसे भरती झाले नाहीत, गांधीजी आजारी पडले. घरात पिस्तूल ठेवा असा त्यात उपदेश नाही.

१८७८च्या शस्त्र कायद्याबद्दल राग होता हे मात्र खरं, काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासून होता. गोऱ्यांना मोकळीक आणि आपल्याला परवाना, हे खटकणारच. आणि भारतातही सगळीकडे एक नियम नाही. कुर्गातल्या कोडवांना आजही परवान्यातून सूट आहे.

कंदीपेढा

माहितीबद्दल आभार सगळ्यांचे, पण मला शनिवारचं सांगा ना. आणि बंदी येणार का?

खडूस_काका

सांगतो, जरा लांबेल. मी १९९१पासून फेअरफॅक्सला आहे, त्यामुळे हा खेळ तीन वेळा पाहिलाय.

आधी तुमचा नियमांचा प्रश्न. इथे विकत घ्यायला परवाना लागत नाही. दुकानात जायचं, फॉर्म भरायचा, दुकानदार राज्य पोलिसांना विचारतो, दोन डॉलर फी, काही मिनिटांत उत्तर. ह्या झटपट तपासणीची देशात पहिली सुरुवात व्हर्जिनियानेच केली, १९८९ला. म्हणजे आपण समजतो तसं हे रानटी राज्य नाही.

आता राजकारण. नव्वदीच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या गुन्ह्यांत सापडणारी पिस्तुलं मोजली तर मोठा वाटा व्हर्जिनियाचा निघायचा. इथे घाऊक घ्यायची, आय-९५ने वर न्यायची आणि विकायची. बदनामी झाली तेव्हा गव्हर्नर वाइल्डरनी १९९३ला ‘महिन्याला एकच पिस्तूल’ असा कायदा करून घेतला. डेमोक्रॅट गव्हर्नर, पण रिपब्लिकनांचीही मतं पडली. तो २०१२ला रिपब्लिकन गव्हर्नर मॅक्डॉनल ह्यांच्या काळात रद्द झाला. २०२०ला नॉर्दमच्या काळात पुन्हा आला. ये रे माझ्या मागल्या.

ह्यामागे एक कारण कोणी बोलत नाही. इथल्या गव्हर्नरला लागोपाठ दुसऱ्यांदा उभंच राहता येत नाही. चार वर्षांनी गव्हर्नर नवा, दर दोन वर्षांनी हाउस ऑफ डेलिगेट्स (खालचं सभागृह) नवं. त्यामुळे कायदा इकडून तिकडे झुलत राहतो. रिपब्लिकन गव्हर्नर यंगकिननी २०२४ला आणि २०२५ला असॉल्ट वेपनबंदीचं, म्हणजे लष्करी धाटणीच्या बंदुकांवर बंदीचं बिल व्हेटो केलं. आता नोव्हेंबरात डेमोक्रॅट शंभरपैकी ६४ जागांवर गेले, गव्हर्नर त्यांचीच, सिनेटमध्ये २१ विरुद्ध १९. अधिवेशन १४ जानेवारीला. बिल येणारच. पास होईल का? घोडामैदान जवळ आहे. पण २०२०लाही दोन्ही सभागृहं आणि गव्हर्नर डेमोक्रॅटांचेच होते. तेव्हा हेच बिल सिनेटच्या कमिटीत चार डेमोक्रॅटांनीच रिपब्लिकनांबरोबर मत देऊन पुढच्या वर्षावर ढकललं. खेड्यातून निवडून यायचं असेल तर हरणाच्या शिकारीचा मोसम माहीत असावा लागतो.

शब्दखूण

काका, झकास. पण २०१९चं राहिलं. त्या वर्षी ३१ मे रोजी व्हर्जिनिया बीचला महापालिकेच्या इमारतीत गोळीबारात बारा जण गेले. नॉर्दमनी जुलैत खास अधिवेशन बोलावलं. रिपब्लिकन बहुमताने ते दीड तासात गुंडाळलं, एकाही बिलावर मत न घेता. नोव्हेंबरात लोकांनी त्यांना गुंडाळलं.

रिचमंडी

आणि त्याच्यावर प्रतिक्रिया म्हणून ‘अभयारण्यं’ आली! निकाल लागून महिना होतो न होतो तोच एकेका काउंटीचं (जिल्ह्याचं) बोर्ड ठराव करायला लागलं की आम्ही सेकंड अमेंडमेंट (घटनेतला बंदुकीचा हक्क) सँक्चुअरी आहोत, इथे नवे बंदूक कायदे राबवणार नाही. ९५पैकी बहुतेक काउंट्यांनी केले. फेअरफॅक्स, लाउडन, आर्लिंग्टननी नाही. प्रिन्स विल्यमने तर डिसेंबरात ठराव केला, जानेवारीत नवं बोर्ड बसलं आणि तो पुसून टाकला.

पॉपकॉर्नवाली

बंदुकांचं अभयारण्य. आता पाणवठ्यावर बसून गणना करायची बुद्धपौर्णिमेला.

घाटावरचा_भट

ह्या ठरावांना कायद्यात कवडीची किंमत नाही, हे तेव्हाच ॲटर्नी जनरलनी (राज्याच्या मुख्य सरकारी वकिलांनी) लिहून दिलं होतं. व्हर्जिनियात काउंटीला राज्याने दिलेत तेवढेच अधिकार, एक तसूभर जास्त नाही. गंमत अशी की ह्याच कारणाने शहरांना आपल्या बागेत किंवा ग्रंथालयात बंदूकबंदी करायची सोयही २०२०पर्यंत नव्हती. राज्याने तेव्हा दिली. म्हणजे वरच्याने खालच्याचे हात बांधायचे, हे दोन्ही बाजूंना हवं तेव्हा प्रिय असतं.

पण प्रत्यक्षात कायदा राबवतो कोण? शेरीफ. आणि शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलिसप्रमुख, इथे निवडून येतो. आपल्याकडे एसपीची बदली होते. इथल्या शेरीफची तशी बदली करता येत नाही. त्यामुळे ‘राबवणार नाही’ ही धमकी कागदी असली तरी पोकळ नाही.

मृद्गंध

शेरीफवरून आठवलं. कल्पेपर काउंटीच्या शेरीफने २०१९ला जाहीर केलं होतं की गरज पडली तर हजारो नागरिकांना डेप्युटी (शेरीफच्या हाताखालचा पोलिस) करीन, म्हणजे त्यांच्या बंदुका सुरक्षित. टाळ्याच टाळ्या. पुढे निघालं काय, तर हाच स्कॉट जेंकिन्स पैसे घेऊन डेप्युटीचे बिल्ले वाटत होता. ७५ हजार डॉलरच्या वर लाच. डिसेंबर २०२४ला दोषी ठरला, दहा वर्षं शिक्षा झाली आणि तुरुंगात जायच्या आदल्या दिवशी ट्रम्पनी माफी दिली.

खडूस_काका

बिल्ले विकायचे ही कल्पना आपल्याकडे कोणाला सुचू देऊ नका.

डेन्वरकर

कोलोरॅडोची हकीकत सांगतो, म्हणजे राज्यातले आमदार ह्या विषयाला का टरकतात ते कळेल. २०१२ला ऑरोराच्या सिनेमागृहात गोळीबार झाला, वर्षअखेरीस न्यूटाउनच्या शाळेत. २०१३ला आमच्या विधिमंडळाने पंधरा गोळ्यांहून मोठ्या मॅगझिनवर बंदी आणि सगळ्या विक्रीला तपासणी असे कायदे केले. लगेच सह्या गोळा झाल्या आणि सप्टेंबरात दोन डेमोक्रॅट सिनेटरांना मुदतीआधीच मतदान घेऊन घरी पाठवलं. त्यातले एक सिनेटचे अध्यक्ष होते. कोलोरॅडोत असं आमदाराला परत बोलावणं पूर्वी कधी झालं नव्हतं.

कायदे मात्र राहिले. आणि बारा वर्षांनी, ह्याच वर्षी एप्रिलमध्ये, त्याहून कडक कायदा झाला: बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक रायफली घ्यायला २०२६च्या ऑगस्टपासून आधी प्रशिक्षण. त्याच राज्यात. लोक बदलतात की लोकवस्ती बदलते, ते मला नाही कळत. माझ्या गल्लीत तरी निम्मे कॅलिफोर्नियाहून आलेत.

टेक्सासचा_तात्या

लोकवस्ती. आमच्याकडेही तेच आले आहेत, घरांचे भाव वाढवून बसलेत.

बरं, एक गंभीर मुद्दा. असॉल्ट रायफलवर बंदी म्हणून सगळे उड्या मारतात, पण बंदुकीने होणाऱ्या खुनांत रायफलीचा वाटा पिस्तुलाच्या मानाने अगदीच किरकोळ आहे. बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या आहेत. रायफलीवर बंदी घालून त्यातली कुठली थांबणार? नुसता देखावा आहे.

मृद्गंध

आत्महत्यांचा मुद्दा तुमच्या तोंडून आला हे बरं झालं. मग त्यासाठी रेड फ्लॅगचा, म्हणजे धोकादायक वाटणाऱ्या माणसाच्या बंदुका काढून घ्यायचा कायदा आहे, त्याला तुम्ही पाठिंबा देता का? व्हर्जिनियात २०२०पासून आहे. पोलिस किंवा सरकारी वकीलच अर्ज करू शकतात, शेजारी नाही. चौदा दिवस बंदुका काढून ठेवायच्या, न्यायाधीशाला पटलं तर १८० दिवसांपर्यंत. फ्लोरिडात तर पार्कलंडच्या शाळेतल्या गोळीबारानंतर रिपब्लिकन गव्हर्नरनेच केला.

आणि युवाल्डेच्या शाळेतला गोळीबार तुमच्याच राज्यात झाला, तात्या. एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका. त्यात पिस्तूल नव्हतं, रायफलच होती.

टेक्सासचा_तात्या

युवाल्डेला ३७६ पोलिस होते आणि तासाहून जास्त वेळ दाराबाहेर उभे होते. तेव्हापासून ‘पोलिस येतील’ ह्यावर माझा विश्वास अजूनच कमी झालाय.

रेड फ्लॅगबद्दल: माझ्या मित्राचा घटस्फोट चालू होता तेव्हा बायकोने काय काय आरोप केले ते पाहिलंय. आधी जप्ती, मग सुनावणी, हे मला पटत नाही. पण ठीक आहे, पोलिसच अर्ज करणार असतील तर विचार करीन. एवढंच.

होकी०७

ह्या विषयावर मी सहसा लिहीत नाही.

१६ एप्रिल २००७ला मी ब्लॅक्सबर्गला, व्हर्जिनिया टेकमध्ये मास्टर्सच्या दुसऱ्या सेमिस्टरला होतो. सकाळी सव्वासातला एका विद्यार्थ्याने होस्टेलमध्ये दोन मुलांना गोळ्या घालून मारलं. युनिव्हर्सिटीची पहिली ईमेल आली नऊ सव्वीसला. मी ती लॅबमध्ये वाचली, चहा ओतून घेतला आणि कामाला लागलो. तोपर्यंत नॉरिस हॉलची दारं त्याने आतून साखळीने बांधली होती. पुढची ईमेल ‘बंदूकधारी मोकाट आहे, आत थांबा’ अशी. त्या दिवशी बाहेर वारा इतका होता की हेलिकॉप्टर उतरेना. आम्ही सहा जण टेबलाखाली बसून फोन लावत होतो आणि लाइन लागत नव्हती. बत्तीस जण गेले. त्यात आपले एक प्राध्यापक होते आणि मुंबईची एक मुलगी, आर्किटेक्चरची. भारतीय विद्यार्थी मंडळाच्या यादीवर आम्ही एकेक नावापुढे खूण करत होतो, ‘बोललो’, ‘बोललो’, ‘बोललो’. दोन नावांपुढे खूण झाली नाही.

हे सांगतोय ते काकांनी लिहिलेल्या कायद्यामुळे. ‘महिन्याला एक पिस्तूल’ हा कायदा तेव्हा लागू होता. त्या मुलाने तो पाळला. पहिलं पिस्तूल फेब्रुवारीत घेतलं, दुसरं मार्चमध्ये, मधे तीस दिवस उलटल्यावर. दोन्ही वेळा तपासणीत पास. २००५ला न्यायाधीशाने त्याला स्वतःला धोका आहे असं म्हणून उपचार घ्यायला सांगितलं होतं. त्या आदेशावरून त्याला बंदूक मिळायलाच नको होती. पण आदेश बाहेरून उपचार घेण्याचा होता, दाखल होण्याचा नव्हता, म्हणून व्हर्जिनियाने त्याचं नाव तपासणीच्या यादीत कळवलंच नाही. तेव्हाचे गव्हर्नर केन ह्यांनी दोन आठवड्यांत आदेश काढून ती फट बुजवली.

दोन्हीकडचे लोक मला हे वापरून दाखवतात. एक म्हणतात, बघा, कायद्याने काही थांबलं नाही. दुसरे म्हणतात, बघा, कायदा अर्धवट होता. मला दोघांचंही ऐकवत नाही. एका कारकुनाने एक नोंद पुढे पाठवायची होती, एवढंच मला दिसतं.

पॉपकॉर्नवाली

माझं टोपणनाव आज पहिल्यांदा नकोसं वाटतंय.

खडूस_काका

होकी, लिहिलंत, बरं केलंत.

नाना_नॅशव्हिल

जरा विषयांतर. एच-वनवाल्यांना बंदूक घेता येत नाही असं माझा मित्र म्हणतो. खरं का? ग्रीन कार्डची रांग बघता आम्ही तर आजन्म निःशस्त्रच.

घाटावरचा_भट

खरं आहे, हा केंद्राचा कायदा. ग्रीन कार्डवाल्याला चालतं, एच-वनला नाही. पण त्यात एक अपवाद आहे: कुठल्याही राज्याचं शिकारीचं वैध लायसन असलं तर चालतं. माझ्या ऑफिसात एक तेलुगू मुलगा आहे, शुद्ध शाकाहारी, लसूणसुद्धा खात नाही. त्याच्या पाकिटात शिकारीचं लायसन आहे.

देवगडकर

त्याला आमच्याकडे पाठवा. वानर आहेत.

अ‍ॅडमिन

विषयांतर आवरा. तेलुगू मुलाची पोस्ट ठेवतोय, चांगली आहे.

शब्दखूण

कंदीपेढा ताई, तुमच्या मूळ प्रश्नाकडे. जानेवारी २०२३ला न्यूपोर्ट न्यूजला पहिलीतल्या सहा वर्षांच्या मुलाने वर्गात बाईंवर गोळी झाडली. पिस्तूल आईचं, घरून आणलेलं. त्यानंतरच्या अधिवेशनात दोन्ही पक्षांचं एका गोष्टीवर एकमत झालं: बंदुकीची तिजोरी किंवा कुलूपबंद पेटी घेतली तर राज्याच्या आयकरात ३०० डॉलरपर्यंत सवलत. यंगकिननी सही केली. बंदी नाही, सक्ती नाही, नुसती सूट. मला आधी हसू आलं होतं, पण माझ्या शेजाऱ्याने त्याच सवलतीत तिजोरी घेतली आणि मला बोलावून दाखवली, नवा फ्रिज दाखवतात तशी. म्हणजे विचारलं तर लोक चिडतात असं काही नाही. उलट स्टिकरवाले ह्या बाबतीत जास्त काटेकोर असतात असा माझा अनुभव. ज्यांच्या कपाटात आजोबांची बंदूक विसरून पडलेली असते, त्यांची जास्त भीती.

मृद्गंध

आणि ‘तुमच्याकडे बंदूक आहे का’ असं विचारू नका. ‘कुत्रा आहे का, पूल आहे का, बंदूक असेल तर कुलपात असते का’ असं एका दमात विचारा. मी प्रत्येक नव्या घरी विचारते. आजवर एकीनेच तोंड वाकडं केलं आणि तिच्याकडे बंदूक नव्हतीच.

टेक्सासचा_तात्या

मृद्गंधशी आयुष्यात पहिल्यांदा सहमत. मला कोणी विचारलं तर मी चहा पाजून दाखवीन. कुलपात नसेल तर मलाच लाज वाटायला हवी.

मृद्गंध

स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

कंदीपेढा (१३ डिसेंबर, रात्री)

मंडळी, झालं एकदाचं.

काल बसस्टॉपवरच विचारलं. मृद्गंधचं कुत्रा-पूल-बंदूक असं एका दमात पाठ केलं होतं, पण तोंडातून आधी बंदूकच आली. ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, हो, तीन आहेत, नवरा हरणाच्या शिकारीला जातो, तळघरात तिजोरी आहे आणि तिचा आकडा मलाही माहीत नाही. आज सोडायला गेले तेव्हा त्याने स्वतः खाली नेऊन तिजोरी दाखवली. कपाटाएवढी, हिरवी. शब्दखूण म्हणतात तसं, करसवलतीसकट सगळं सांगितलं. आगामी बिलाबद्दल मात्र त्याचं मत माझ्या अगदी उलटं, त्यावर आम्ही दोघंही हसून गप्प बसलो.

पण खरी गोष्ट पुढे आहे. निघताना ती म्हणाली, तू विचारलंस म्हणून मीही विचारते, मला सप्टेंबरपासून विचारायचं होतं. तिच्या मुलाला शेंगदाण्याची जबरदस्त ॲलर्जी आहे. दप्तरात इंजेक्शन घेऊन फिरतो. आम्ही नवे, आमचं खाणं वेगळं, आम्हाला वाईट वाटेल म्हणून ती बोलली नाही. त्यालाच बजावून ठेवलं होतं की तिकडे सफरचंदाशिवाय काही खायचं नाही. फराळाचं ताट तिने हातमोजे घालून रिकामं केलं होतं.

घरी येऊन ओट्याकडे पाहिलं. कुटाचा डबा, झाकण उघडं, त्यात चमचा. शेजारी चिक्की. फळीवर शेंगदाण्याची चटणी. खाली पाच किलो दाणे, कॉस्टकोच्या बाजूच्या इंडियन स्टोअरमधून कालच आणलेले. नवऱ्याला म्हटलं, झुरळं विचारायची राहिली.

पॉपकॉर्नवाली

अगं बाई!! आणि मी साबुदाण्याची खिचडी घालायला सांगितली होती!!! हात थरथरतायत माझे.

देवगडकर

कुटाचा परवाना कोण देतं, कलेक्टर का?

खडूस_काका

तिजोरी घ्या. कुटासाठी. तीनशे डॉलर मिळतात का ते १४ जानेवारीनंतर विचारू.

कंदीपेढा

काका, सध्या गॅरेजमध्ये हलवलंय सगळं, वरच्या फळीवर, कडीकुलपात. पुढच्या शनिवारी तो आमच्याकडे येतोय. बिनकुटाचं काय करता येईल ते सांगा. नवा धागा काढू का?